पडद्याआडची नाममुद्रा

ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक एका साध्या प्रश्नाने उघडतं: अँथनी गोन्साल्विस कोण? प्रश्न वाचताच आपल्या डोळ्यांपुढे १९७७ सालचा 'अमर अकबर अँथनी' उभा राहतो. ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून उंच टोपी आणि छत्री सावरत बाहेर पडणारा अमिताभ आठवतो, आणि लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत बँडवाल्यांनी घरोघर पोचवलेली ती चालही. उत्तर इतकं उघड असताना हा प्रश्न कशाला, असं मनात येतं न येतं तोच बूथ आपल्याला पडद्यावरून उचलून थेट दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याकडे वळवतात. कारण अँथनी गोन्साल्विस नावाचा एक हाडामांसाचा व्हायोलिनवादक खरोखरच होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्याने वर्षानुवर्षं वाजवलं, इतरांच्या चालींभोवती वाद्यमेळ रचला, १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय रागांवर बेतलेलं सिंफनीचं स्वप्न प्रत्यक्ष वाजवून दाखवलं, आणि या सगळ्या धामधुमीत काही मुलांना व्हायोलिनही शिकवलं. त्या मुलांमधला एक प्यारेलाल शर्मा. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला हाच शिष्य 'अमर अकबर अँथनी'चं संगीत करू लागला, तेव्हा नायकाच्या ओठी गुरूचं नाव घालावं हे त्याच्या मनात आलं.

या एका प्रसंगापाशी आपण जरा रेंगाळू या, कारण त्यात आपल्या परंपरेचा एक फार जुना सूर मिसळलेला आहे. अभंगाच्या अखेरीस कवी आपली नाममुद्रा उमटवतो, बंदिशीतही रचनाकार स्वतःचं टोपणनाव हळूच गुंफून जातो. एकनाथांनी त्याहून गोड गोष्ट केली. स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडून त्यांनी 'एका जनार्दनी' अशी मुद्रा घडवली, आणि चारशे वर्षं लोटली तरी आपण ते दोघे वेगळे उच्चारत नाही. चित्रपटगीतात अशा मुद्रेला जागाच नसते. तिथे नाव असतं ते नायकाचं, फार तर पडद्याआडच्या गायकाचं. प्यारेलालांनी मात्र गाण्याच्या ऐन पहिल्या ओळीत, सगळ्या देशाच्या देखत, गुरूची मुद्रा ठसवली. आणि गंमत अशी की ती इतकी उघड्यावर ठेवली होती म्हणूनच कुणाला दिसली नाही. कोट्यवधी लोकांनी ती गुणगुणली आणि ती मुद्रा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. बूथ यांनी ती वाचली, आणि तिच्या दाराने ते आत शिरले.

बूथ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे संगीताभ्यासक. आधी त्यांनी लग्नाच्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' लिहिलं, आणि मग २००८ साली ऑक्सफर्डने हे पुस्तक छापलं. परदेशी पंडित आपल्या सिनेमावर लिहिणार म्हटलं की आपल्या कपाळावर एक बारीक आठी येतेच. ती इथे लवकर मावळते, कारण या गृहस्थांना ऐकून घेण्याची कला अवगत आहे. डझनावारी वादकांना त्यांनी बोलतं केलं आणि त्यांचं बोलणं सारांशाच्या कात्रीत न घालता पानपानभर तसंच वाहू दिलं. कुणी एखाद्या रेकॉर्डिंगची तारीख चुकवतो, कुणी दुसऱ्याच्या आठवणीला छेद देतो, कुणी आपल्या वाट्याला न आलेल्या श्रेयाबद्दल बोलता बोलता विषयच बदलतो. लेखक यातलं काहीही इस्त्री करून सरळ करत नाही. त्यामुळे वाचताना आपण ग्रंथालयात नसतो, तर एखाद्या वयस्कर वादकाच्या दिवाणखान्यात त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलेले असतो.

या पुस्तकातली मला सर्वांत मोहवणारी वस्तू म्हणजे एक कागद. पाच आडव्या रेघांचा, पाश्चात्त्य स्वरलिपीचा. सिटिंगला संगीतकार पेटी पुढ्यात घेऊन चाल गातो. ती चाल त्याला आजोळच्या भजनातून, लखनौच्या कोठ्यावरून किंवा बंगालच्या नावाड्याकडून मिळालेली असते, आणि पुष्कळदा त्याला ही रेघांची लिपी येत नसते. शेजारी बसलेला गोवेकर सहायक ती ऐकता ऐकता कागदावर उतरवतो. त्याला ही विद्या कुठून मिळाली? पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. देवाच्या प्रार्थनेसाठी मिळालेली ती विद्या पोटापाण्यासाठी मुंबईत आली आणि धोबीतलावच्या परिसरात बिऱ्हाड करून राहिली. आता कागदावर उतरलेल्या चालीखाली हा माणूस सुरावटीचे आणखी थर मांडू लागतो: इथे व्हायोलिनांचा ताफा, तिथे चेलोची खर्जातली हुंकारती रेघ, दोन अंतऱ्यांच्या मध्ये बासरीला आठ मात्रांची मोकळीक. चाल एका माणसाची, तिचा महाल दुसऱ्याचा. आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत या दुसऱ्याला मिळाला तर 'सहायक' एवढाच शब्द.

हे एकदा ध्यानात आलं की ध्वनिमुद्रणाच्या त्या दालनात किती दिशांनी माणसं येऊन बसली होती याचा विस्मय वाटू लागतो. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांना ते भरजरी व्हायोलिनांचं वस्त्र चढवणारे सेबॅस्टियन डिसोझा मूळचे गोव्याचे, पण फाळणीआधी लाहोरात बँड चालवणारे. प्यारेलालांचे वडील रामप्रसाद शर्मा गोरखपूरकडचे ट्रंपेटवादक. त्यांनी कित्येक मुलांना स्वरलिपी शिकवली आणि गोव्याबाहेरच्या तरुणांना या वाद्यवृंदाची दारं उघडून दिली. मनोहारी सिंग सॅक्सोफोन घेऊन कलकत्त्याहून आले. आणि लॉर्ड नावाचं एक पारशी घर तर असं, की बाप कावस तालवाद्यांचा उस्ताद, एक मुलगा बर्जोर व्हायब्राफोनवर, दुसरा केरसी ॲकॉर्डियनपासून ग्लोकेनस्पीलपर्यंत हाती येईल ते वाजवणारा. मारव्याची छटा असलेली चाल, उर्दू शब्द, कॅथलिक हाताने लिहिलेली स्वरलिपी, पारशी ताल, आणि गाणारा गळा इंदूरला जन्मलेल्या मराठी मुलीचा. एकात्मतेवरची भाषणं आपण पुष्कळ ऐकली. इथे ती एकात्मता कुणी न बोलता, सकाळच्या शिफ्टला, ठरलेल्या बिदागीवर घडत होती.

आणि ती शिफ्ट! महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये पन्नास-साठ वादक दाटीवाटीने बसलेले, गायक काचेआड किंवा आडोशाला, आणि सगळं गाणं आरंभापासून अखेरपर्यंत एकदम मुद्रित व्हायचं. तुकडे जोडायची सोय जवळपास नव्हतीच. शेवटच्या रांगेतल्या कुणाचा गज नको तिथे घसरला की गायकाने ओतलेला जीव वाया, पुन्हा पहिल्यापासून टेक. वाद्यांचा तोलही यंत्राने कमी आणि अंतराने अधिक साधायचा. नाजूक वाद्य मायक्रोफोनजवळ, दणदणीत वाद्य लांब. म्हणून त्या काळच्या गाण्यात एक खोली असते, दालनातल्या हवेसकट मुद्रित झालेली. पुढे अनेक ट्रॅकांचं तंत्र आलं, वादक एकेकटे येऊन आपापला भाग वाजवून जाऊ लागले, मग सिंथेसायझर आला, आणि नव्वदच्या दशकात ते भरलेलं दालन ओस पडत गेलं. बूथ या बदलाबद्दल गळा काढत नाहीत. यंत्र बदललं की पैशाचा हिशेब बदलतो, हिशेब बदलला की माणसांचं बसणं-उठणं बदलतं आणि त्यासरशी गाण्याचा पोतही, हे ते शांतपणे दाखवत जातात.

पुस्तक वाचता वाचता मध्येच मिटून एक गाणं ऐकावं, अशी माझी आग्रहाची सूचना. 'आराधना'तलं, शेकोटीच्या उजेडात एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेलं ते मादक गाणं घ्या. किशोरकुमारच्या आवाजावरून कान किंचित बाजूला सरकवा. ज्याच्या दोन सुरांमधल्या श्वासातही आर्जव आहे तो सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा, आणि जो भात्याच्या उघडमिटीने पडद्यावरच्या दोघांच्या मनातली धाकधूक आपल्या कानाशी आणतो तो ॲकॉर्डियन केरसी लॉर्डचा. आजवर आपण ज्याला 'म्युझिक' म्हणून एका शब्दात गुंडाळत होतो, त्यातून दोन चेहरे वर येतात. आणि पहिल्यांदा जाणवतं, की पडद्यावरचे राजेश खन्ना आणि शर्मिला टागोर जे बोलत नाहीत, ते सगळं बोलण्याचं काम या दोघांवर सोपवलेलं आहे. ओळखीच्या गाण्यात असं अनोळखी दालन सापडण्याचं सुख ज्याने एकदा चाखलं, त्याला मग प्रत्येक जुन्या गाण्याचं दार ठोठावून पाहावंसं वाटतं.

मानधन, वादकांची संघटना, श्रेणी, थकलेले पैसे यांवरची प्रकरणं थोडी कोरडी आहेत. ती भरभर वाचली तरी चालतील. मात्र वगळू नयेत.

बूथ यांचा स्वभाव नोंदवह्या जपणाऱ्याचा, तर नरेश फर्नांडिस यांचा गप्पा रंगवणाऱ्याचा. त्यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'मध्ये मुंबईचा जॅझ आहे, आणि पुस्तक नुसतं चाळलं तरी जुनी छायाचित्रं आणि जाहिराती यांतून एक लोपलेलं शहर चमचम करू लागतं. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. स्वतःच्या देशात वर्णभेदाचे चटके सोसणारे हे कलावंत इथे साहेबांच्या नृत्यदालनात मानाने वाजवत होते, आणि ज्यांना त्याच दालनात पाहुणे म्हणून प्रवेश मिळणं कठीण असे गोव्याचे तरुण त्यांच्या शेजारी बसून ते वादन कानात साठवत होते. पुस्तकाचं नावसुद्धा क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ साली मुंबईत मुद्रित केलेल्या एका धूनचं. फर्नांडिस यांचं कौशल्य असं, की तबकडीचा हा लहानसा तुकडा ते बोटांत धरून फिरवतात आणि त्यातून शिकागो, आल्दोना आणि अपोलो बंदर एका रेषेत दिसू लागतात.

त्या आल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मला या पुस्तकातले सर्वांत लाडके. लुई आर्मस्ट्राँगवर जीव ओवाळून टाकणारा हा ट्रंपेटवादक रात्री हॉटेलात वाजवायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांचा सहायक म्हणून स्टुडिओत. १९५० साली मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली, रात्रीच्या मैफलींचा रंग उडू लागला, आणि जॅझवाल्यांचे पाय अधिकाधिक स्टुडिओकडे वळले. १९५१ साली 'अलबेला' आला तो याच वळणावर. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून चक्क पडद्यावरही अवतरतात. नायक भगवानदादांचा तो अंग न हलवता हलणारा नाच आपण इतका डोळे भरून पाहिलेला, की मागे उभ्या असलेल्या ट्रंपेटवाल्याकडे लक्षच गेलेलं नसतं. आता जाईल.

इथेच सी. रामचंद्रांचं मराठी आत्मचरित्र 'माझ्या जीवनाची सरगम' हाताशी घ्यावं. पुणतांब्याच्या या चितळकरांचं लेखन हट्टी, हळवं, क्वचित स्वतःवरच खूश असणारं. प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. पण ज्या दालनाकडे बूथ आणि फर्नांडिस मागच्या रांगेतून पाहतात, त्याच दालनाकडे हे पुस्तक पेटीपुढे बसून पाहतं, आणि दोन्ही बाजूंनी पाहिल्याखेरीज त्या खोलीचा आकार कळत नाही.

शेवटी एक असं पुस्तक, जे वाचायचं नसून उघडून ठेवायचं असतं. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' नोकरी करत, आणि उरलेल्या वेळात त्यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' हे एकहाती वाटावं असं काम उभं केलं. १९३१च्या 'आलमआरा'पासून वर्षावर्षाचे चित्रपट, त्यांतली गाणी, गीतकार, गायक, तबकड्यांचे क्रमांक यांचे दशकवार जाडजूड खंड आहेत. कोरडं वाटतं ना? पण १९४९ साल काढा आणि 'महल'वर बोट ठेवा. त्या चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं. गळा लताचा होता. जिचं नाव पुढे दाही दिशांना दुमदुमलं, तीही एकदा पडद्याआडच उभी होती! मग तबकडीवर गायकांची नावं आली, हळूहळू इतरांनाही जागा मिळाली. वाद्यवृंद मात्र बाहेरच राहिला, आणि त्याचं नुसतं नाव शोधायलाही आपल्याला बूथ यांच्या पुस्तकाच्या अखेरची नामसूची धुंडाळावी लागते.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर, ज्यांना जुनी गाणी पाठ आहेत त्यांनी बूथ घ्यावं. ज्यांना मुंबईचा लळा आहे त्यांनी फर्नांडिस. दुसऱ्याबरोबर त्या काळच्या ध्वनिमुद्रणांची सीडीही मिळत असे, तेव्हा जुनी प्रत घेताना ती पाकिटात आहे का हे दुकानदारासमोरच पाहून घ्यावं.