स्मार्ट ग्रीड आणि घर : एका संशोधनदृष्टीची समीक्षा

प्रस्तावना
वीजनिर्मिती केंद्र, वाहिन्या, रोहित्रे आणि शेवटी ग्राहक अशा क्रमाने विद्युत ग्रीडचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. या वर्णनात घर ही केवळ वीज संपविणारी जागा ठरते. स्मार्ट ग्रीडविषयक बहुतांश सर्वेक्षणे हीच समजूत पुढे नेतात. ग्राहकाला नव्या मीटरची माहिती आहे काय, त्याला तो मान्य आहे काय, एवढेच ती विचारतात. घर आणि तंत्रज्ञान परस्परांना घडवितात, ही बाब त्यातून निसटते. प्रस्तुत लेखात या मर्यादेची चिकित्सा केली आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी
थॉमस ह्यूज यांनी 'नेटवर्क्स ऑफ पॉवर' (१९८३) या ग्रंथात वीजव्यवस्था तांत्रिक तशीच सामाजिकही असल्याचे दाखविले. परंतु त्यांचा भर व्यवस्था उभारणाऱ्यांवर होता. मादलेन अक्रिश यांनी उपकरणात वापरकर्त्याविषयीची 'संहिता' दडलेली असते, असा विचार मांडला. वापरकर्ता ती संहिता पाळतो, बदलतो किंवा नाकारतो. योलांड स्ट्रेंगर्स यांनी २०१३ च्या ग्रंथात स्मार्ट ग्रीडने गृहीत धरलेल्या, सतत आकडेमोड करणाऱ्या 'रिसोर्स मॅन'वर टीका केली. ही टीका मोलाची असली, तरी तिची पार्श्वभूमी ऑस्ट्रेलियातील अखंड वीजपुरवठ्याची आहे. भारनियमन अनुभवलेल्या मराठवाड्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव
ग्राहक ग्रीड घडवितो, याचा पुरावा येथे 'स्मार्ट' हा शब्द रूढ होण्यापूर्वीचा आहे. २००५ च्या सुमारास आलेल्या अक्षय प्रकाश योजनेत गावांनी सायंकाळी पंपांसारखा मोठा भार स्वेच्छेने बंद ठेवावा आणि त्या बदल्यात भारनियमनातून सवलत मिळवावी, अशी व्यवस्था होती. येथे मागणीचे नियंत्रण यंत्राने नव्हे, गावाच्या सामूहिक शिस्तीने होत होते. याउलट सिंगल फेज पुरवठ्याच्या काळात पंप बंद राहावेत, ही यंत्रणेची अपेक्षा शेतकऱ्यांनी कपॅसिटर जोडून निष्फळ ठरविली. या मर्यादेमुळे गावठाण व कृषी फीडर वेगळे करणे अधिक परिणामकारक मानले गेले. अक्रिश यांच्या परिभाषेत, संहिता नाकारली गेली आणि तारांची रचनाच बदलण्याची गरज भासली.

स्मार्ट मीटरची वाटचालही अशीच आहे. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत प्रीपेड स्मार्ट मीटरवर भर होता. महाराष्ट्रात तीव्र विरोधानंतर, सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना असे मीटर बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा जून २०२४ मध्ये झाली. पुढे पोस्टपेड टीओडी मीटर आले. या विरोधाला 'जागृतीचा अभाव' म्हणणारे संशोधन वस्तुस्थितीचे विपर्यस्त आकलन करते. आधी वापर, मग देयक ही मुदत हंगामी उत्पन्नाच्या घराला एक प्रकारची उधारीच असते. ती जाणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हे.

कळंबच्या संदर्भात
मांजरा नदीकाठच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी 'एक घर, एक मीटर' हे एकक अपुरे पडते. एकाच कुटुंबाचा घरगुती मीटर, शेतातील पंप व बाजारपेठेतील दुकान अशा तीन जोडण्या असू शकतात. कृषी वीज आठवड्याच्या पाळीने दिवसा वा रात्री येते, तेव्हा पाणी देण्यासाठी कोण जागतो, यावर घराचे वेळापत्रक ठरते. जुलै २०२५ पासून टीओडी मीटरधारक घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. मात्र याच वेळेत मजुरीला जाणारी स्त्री दळण, धुणे वा इस्त्री दुपारी कशी आणणार? दिवसभर कोणीतरी घरी असणारे व अधिक उपकरणे बाळगणारे कुटुंब सवलतीचा लाभ सहज घेईल. मीटर अर्ध्या तासाचा एकूण वापर नोंदवितो. तो वापर कोणाच्या श्रमातून वा सोयीतून आला, हे तो नोंदवीत नाही.

निष्कर्ष
याचा अर्थ मीटरची आकडेवारी निरुपयोगी आहे असा नव्हे. मोजक्या घरांच्या निरीक्षणावरून संपूर्ण जिल्ह्याविषयी विधान करता येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून दोहोंची सांगड घालावी लागेल : कुटुंबाच्या संमतीने घेतलेल्या मीटरनोंदी आणि पेरणी, काढणी, उन्हाळा अशा हंगामांतील घरातील कामांच्या दैनंदिन नोंदी. अशा अभ्यासास अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व गृहविज्ञान यांचे सहकार्य आवश्यक आहे. ग्रामीण महाविद्यालयांचे विद्यार्थी याच घरांतून येतात. त्यांच्या हाती केवळ 'होय-नाही'ची प्रश्नावली देणे म्हणजे उपलब्ध ज्ञान नाकारणे होय. वीजदराची वेळ ठरविणाऱ्यांपुढे घराची वेळ मांडली गेली नाही, तर सवलतीचा लाभ ज्यांना वेळ बदलता येते त्यांनाच मिळेल आणि ज्यांना ती बदलता येत नाही, त्यांच्यावर उदासीनतेचा शिक्का बसेल.