जठर ही पिशवी नव्हे

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयीचे लेख दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत आता नेहमी दिसतात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. शेजारी शेजारी दोन छायाचित्रे, एक ‘आधी’चे आणि एक ‘नंतर’चे. खाली उतरलेल्या किलोंचा आकडा. मग जठराचे एक रेखाचित्र आणि त्यासोबत थोडक्यात खुलासा. जठर म्हणजे अन्नाची पिशवी. ती लहान केली की माणूस कमी खातो आणि कमी खाल्ले की वजन उतरते.

या लेखांतील माहिती सहसा खोटी नसते. आमचा आक्षेप वेगळा आहे. पिशवीचे हे चित्र मनात धरले की शस्त्रक्रियेचा दिवस तेवढा महत्त्वाचा वाटू लागतो. त्याआधीचे आठवडे आणि नंतरची वर्षे लेखाच्या शेवटी एखाद्या चौकटीत ‘पथ्ये’ म्हणून उरकली जातात. रुग्णाचे बरेवाईट मात्र पुष्कळदा तेथेच ठरते. शिवाय हे चित्र पत्रकारांनी शोधून काढलेले नाही. वर्गात फळ्यावर पचनसंस्था काढताना ‘जठर ही पिशवीसारखी’ असे आपणच सांगत आलो आहोत. म्हणून या लेखनाची चिकित्सा शिक्षकांपुढे मांडावी असे आम्हास वाटले. आम्ही शल्यचिकित्सक नाही. शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी वा घेऊ नये हा सल्ला येथे नाही.

प्रथम चित्र कोठवर खरे आहे ते पाहू. आज दोन शस्त्रक्रिया अधिक प्रचलित आहेत. पहिल्या, म्हणजे स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या, म्हणजे बायपास शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची एक लहानशी कुपी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. अन्न उरलेल्या जठरात आणि ग्रहणीत, म्हणजे आतड्याच्या पहिल्या भागात, जातच नाही. जागा कमी होते हे खरेच. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपास प्रथम केली, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच साधा विचार होता. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

पण पिशवी लहान होणे एवढाच परिणाम असता तर रुग्ण सतत भुकेला राहिला असता. उपाशी माणसाचे शरीर भूक वाढवून वजन परत मिळवू पाहते, हा सर्वांचा अनुभव आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र, निदान पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, अनेकांची भूक कमीच होते. दुसरे कोडे मधुमेहाचे. नॉर्थ कॅरोलायनातील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात बायपासनंतर बहुसंख्य मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा ताळ्यावर आल्याचे दाखवले. ही सुधारणा वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत दिसू लागे. रुग्ण त्या दिवसांत फार थोडे खातो हे तिचे एक कारण आहे. पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही.

उलगड्याचा एक धागा १९९९ साली जपानमध्ये मिळाला. कोजिमा, कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक वेगळे केले. ते मेंदूला भुकेचा निरोप देते. ते मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढला जातो. (बायपासनंतरच्या घ्रेलिनची मापे मात्र सर्व अभ्यासांत सारखी आलेली नाहीत.) दुसरा धागा आतड्याचा. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचले की तेथील पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके अधिक प्रमाणात सोडतात. ती मेंदूला ‘पुरे’ असे कळवतात आणि जीएलपी-१ इन्सुलिन स्रवण्यास मदत करते. याच जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवलेल्या सेमाग्लुटाइड या औषधास २०२१ साली अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. ते घेणाऱ्याच्या जठराला कोणी सुरी लावत नाही, तरी त्याची भूक कमी होते. पिशवीच्या चित्रात याला जागा नाही.

हा तपशील फक्त अभ्यासकांपुरता असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. चुकीच्या चित्रातून तीन नुकसाने होतात.

पहिले नुकसान पूर्वतयारीचे. शस्त्रक्रियेआधी दोन ते चार आठवडे रुग्णास अत्यल्प ऊर्जेचा आहार देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पिशवीचे चित्र डोळ्यांपुढे असलेल्या नातलगांना ती परीक्षा वाटते, किंवा ‘आता ऑपरेशन होणारच आहे, तर खाऊन घे’ असेही ते म्हणतात. खरे कारण यकृतात आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकासमोर येतो. लठ्ठ व्यक्तीचे यकृत मेदामुळे अनेकदा मोठे झालेले असते, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना ते वाट अडवते. अन्न कमी केले की यकृतातील ग्लायकोजेनचा साठा प्रथम खर्च होतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, तेही जाते; मागोमाग काही मेद वापरला जातो. यकृत आक्रसते आणि शल्यचिकित्सकाला जागा मिळते. तंबाखू सोडणे, झोपेत श्वास अडतो का हे तपासणे, लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व मोजणे, मनाची तयारी पाहणे, यांपैकी प्रत्येकामागे असेच कारण आहे. लेखांत यादी येते. कारण येत नाही. आणि कारण न कळलेले पथ्य प्रथम मोडते.

दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. जठर ही नुसती साठवण नसून रसायनशाळाही आहे. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व तेथील आम्ल व पेप्सिन यांमुळे मोकळे होते, आणि जठराच्या भित्तिकेतून स्रवणाऱ्या एका प्रथिनाशी जोडले गेले तरच ते पुढे लहान आतड्याच्या शेवटी शोषले जाते. लोहाचे शोषण मुख्यतः ग्रहणीत होते आणि त्यासही आम्लाची मदत लागते. शस्त्रक्रियेने ही व्यवस्था बदलते. म्हणून जीवनसत्त्वे व क्षार जन्मभर घ्यावे लागतात. ब-१२ चा यकृतातील साठा काही वर्षे पुरू शकतो. म्हणजे कमतरता दिसू लागते ती रुग्णास अगदी ठीक वाटत असताना, गोळ्या महाग वाटून बंद केल्यावर. आपल्याकडे शाकाहारी माणसांत हा साठा मुळातच अनेकदा तुटपुंजा असतो.

ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, गोष्ट याच्या उलट. त्याचा शरीरातील साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम. तो दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर ‘पिशवी लहान आहे, उलटी होणारच’ असे घरचे समजतात. तेवढ्या काळात डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही मेंदूच्या इजेची लक्षणे दिसू शकतात. वेळेत थायमिन दिले तर ती टळते, उशीर झाला तर स्मृतीचे कायमचे नुकसान होऊ शकते. पोटात वाढत जाणारे दुखणे, ताप, नाडीचा वाढलेला वेग ही तर सांध्यातून गळती होत असल्याची खूण असू शकते. तेथे तासांचा हिशेब असतो. प्रथम पातळ, मग मऊ, मग घन असा अन्नाचा क्रम, घोट घोट पाणी, रोजची प्रथिने, लवकर चालणे, मधुमेहाच्या औषधांची मात्रा पुन्हा ठरवणे या साऱ्यांना ‘पथ्य’ म्हणणे अपुरे आहे. तो उपचाराचाच भाग आहे.

तिसरे नुकसान दोषारोपाचे. पिशवी लहान करून दिली, तरी वजन परत आले, म्हणजे रुग्णच खादाड, असा निष्कर्ष या चित्रातून आपोआप निघतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहावेत. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे काही वजन परत येणे हा सरासरी मार्गच आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० जणांपैकी १०१ आणि न झालेल्या २०३७ जणांपैकी १२९ जण त्या काळात मरण पावले. शस्त्रक्रियेचा लाभ खरा आहे. ‘नंतर’चे छायाचित्र मात्र बहुधा एका वर्षाच्या आसपासचे असते. अकराव्या वर्षीचे छायाचित्र छापलेले आमच्या पाहण्यात नाही.

किलोंच्या हिशेबाचा कळस २०१७ साली मुंबईत दिसला. इजिप्तमधील एका अतिलठ्ठ स्त्रीस विमानाने आणून तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया करण्यात आली. क्रेनची छायाचित्रे छापली गेली, उतरलेल्या किलोंचे आकडे वरचेवर येत राहिले, आणि शेवटी डॉक्टर व नातलग यांच्यात त्या आकड्यांवरूनच जाहीर वाद झाला. तपासणीत तिच्या लेप्टिन-ग्राहकाच्या जनुकात दोष आढळल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. लेप्टिन हे मेदपेशींकडून मेंदूस जाणारे साठ्याचे वृत्त. ग्राहक सदोष असेल तर ते वृत्त पोहोचतच नाही. साऱ्या प्रकरणातील ही सर्वांत बोधप्रद बातमी क्रेनच्या तुलनेत कोपऱ्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबी येथे तिचे निधन झाले.

या लेखनाचे एक श्रेयही मान्य केले पाहिजे. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर उपचार घेण्यात लाज नाही, हे त्याने घराघरांत पोहोचवले. पण पिशवीच्या चित्राने ती लाज मागल्या दाराने परत आणली आहे.

शिक्षकांना येथे दोन गोष्टी सहज करता येतील. फळ्यावर जठर काढताना त्यापासून मेंदूकडे जाणारा एक बाण काढावा, आतड्यापासून दुसरा, आणि मेदपेशींपासून तिसरा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना असा एखादा लेख देऊन चार प्रश्न विचारण्यास सांगावे: ‘नंतर’ म्हणजे किती दिवसांनंतर? आधी काय केले, आणि का? नंतर जन्मभर काय करावे लागेल? ज्यांना अपेक्षित लाभ झाला नाही ते या लेखात कोठे आहेत?

वर्गातील एखादा स्थूल मुलगा किंवा मुलगी हा पाठ ऐकत असते. ‘तू कमी खा’ असे तिला सर्वांनी सांगितलेले असते. भूक ही इच्छाशक्तीची परीक्षा नसून शरीरातील निरोपांची देवघेव आहे, हे तिला निदान विज्ञानाच्या तासाला तरी ऐकायला मिळाले पाहिजे.