आपले अपराध सांगणारे गुरुजी

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे तो आधी मुलांच्या हाती जातो, मग त्यांच्या आईच्या, आणि मास्तराच्या वाट्याला येतो तेव्हा त्याच्या पानांना चकलीचे तेल लागलेले असते. अशा अंकात टीकालेख लिहायचा म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. शिवाय मी मॅट्रिकपुरता शिकलेला. सास्तूरसारख्या गावी मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा अधिकार. पण ज्या लेखकाविषयी लिहावयाचे तोही मास्तरच होता, आणि त्याच्यावरचा एक आरोप मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे.

लेखक म्हणजे साने गुरुजी. आरोप असा की, ते मुलांना रडवतात. त्यांची आई रडते, श्याम रडतो, वाचणाराही रडतो. आजच्या मुलांना हे हळवे वाचन नको, त्याने ती दुबळी होतात. हे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. त्यांनी 'श्यामची आई' लहानपणी वाचलेली असते, किंवा आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट पाहिलेला असतो. त्यांना अश्रू तेवढे आठवतात.

नोकरीचे कागद पाहू गेले तर गुरुजींची मास्तरकी अवघी सहा वर्षांची. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पुढचे आयुष्य चळवळीत आणि तुरुंगात गेले. पण त्या सहा वर्षांत त्यांनी छात्रालयही सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. दररोज! ज्याने शाळेचे वार्षिक हस्तलिखित एकदा तरी काढले आहे, त्याला या शब्दाचे वजन कळेल. गुरुजींची लेखणी तयार झाली ती तिथे. त्यांचे वाचक कोणी अज्ञात रसिक नव्हते. काल रात्री कोण घरच्या आठवणीने जागा होता, कोणी खोटे बोलून वेळ मारून नेली, हे ठाऊक असलेल्या मुलांसाठी ते लिहीत होते.

पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती छापून निघाली. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रात्री आपल्या आठवणी सांगतो, अशी तिची मांडणी आहे. या रात्री वाचकांनी पुन्हा एकदा सावकाश वाचाव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी अपराधी कोण आहे ते पाहावे. पोहायला जायला भिऊन लपून बसतो तो श्याम. पुस्तकाच्या लोभाने पैसे चोरतो तो श्याम. पत्रावळ लावायची टाळाटाळ करतो तो श्याम. झाडावरच्या कळ्या उमलण्याआधीच खुडून आणतो तोही श्यामच.

मुलांसाठी लिहिणारी बहुतेक माणसे चांगल्या मुलाची गोष्ट सांगतात आणि वाईट मुलाला शेवटी शिक्षा करतात. ती उंच ओट्यावर उभी असतात, मुले खाली अंगणात. गुरुजी अंगणात उतरले. त्यांनी म्हटले, अपराधी मी होतो, आता ऐका. पुस्तकातली आईही काही नुसती डोळे पुसत बसणारी नाही. भित्रेपणा करणाऱ्या श्यामला ती शिंपटीने फोडून काढते, आणि मग त्या वळांकडे पाहून तिचे तिलाच गहिवरून येते. याला दुबळेपणा म्हणावयाचे असेल तर धैर्य कशाला म्हणावे, हे मला उमगत नाही.

आता माझ्या गावची एक हकीकत सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले असताना, भूकंप झाला. किल्लारी-सास्तूरच्या या पट्ट्यात हजारो माणसे दगडमातीच्या माळवदांखाली गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली. वर्गात कितीतरी मुले बिनआईची. आमच्या गुरुजींनी एके दिवशी 'श्यामची आई' वाचावयास काढली, तेव्हा एका जाणत्या गृहस्थाने त्यांना बाजूस घेऊन म्हटले, "मास्तर, लेकरं आधीच पोळली आहेत. आईचं पुस्तक कशाला?" गुरुजी गप्प राहिले, पण वाचन त्यांनी थांबविले नाही.

त्या दिवशी श्यामच्या चोरीचे प्रकरण होते. ते संपल्यावर गुरुजींनी पुस्तक मिटले आणि आपण लहानपणी वडिलांच्या कोपरीतून पैसे कसे काढले होते ते सांगितले. मुले हसली. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. भूकंपानंतर तो कोणाशी धड बोलला नव्हता. तो म्हणाला, "त्या रात्री आईशी भांडलो. रुसून बाहेर अंगणात निजलो. म्हणून मी राहिलो." एवढेच बोलून तो खाली बसला. गुरुजी त्याच्याजवळ जाऊन बसले. शाळा सुटेपर्यंत दुसरे काही शिकवले गेले नाही.

दोन महिने तो मुलगा आपले जगणे हाच अपराध समजून उरात बाळगून होता, आणि ते सांगण्याची वाट त्याला सापडली ती श्यामने आपली चोरी कबूल केल्यामुळे. त्या दुपारी सारा वर्ग रडला हे खरे. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा खेळायला आला, हेही खरे.

म्हणून का गुरुजींचे सारेच लिखाण निर्दोष आहे? नाही. गोष्ट आपले काम करून थांबलेली असताना ते थांबत नाहीत. तात्पर्याचे बोट धरून वाचकाला आणखी दोन पाने चालवतात. आई इतकी थोर होते की, तिला कधी कंटाळा आला असेल की नाही, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. तो योग्यच आहे. आणि ती अस्पृश्य म्हातारीची गोष्ट! आई श्यामला तिची मोळी उचलून द्यायला सांगते, पण घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. आजच्या मुलाला ती आंघोळ खटकते, आणि खटकलीच पाहिजे. मात्र मास्तराने एवढ्यावर धडा संपवू नये. मोळी उचलून देणारा तो मुलगा पुढे मोठा झाला आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्याने उपोषण केले, हेही सांगावे. पुस्तकातली उणीव लेखकाने आपल्या आयुष्यात भरून काढली, असे मराठीत फार वेळा घडलेले नाही.

१९४८ साली गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली, आणि ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. मास्तरकीची सहा वर्षे म्हटली, पण मला वाटते त्यांनी वर्ग कधी सोडलाच नाही; फक्त भिंती बदलल्या.

वाचकहो, फराळ झाला असेल तर एक विनंती आहे. या चार दिवसांत त्या पुस्तकातली कोणतीही एक रात्र घरच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर तात्पर्य सांगू नका. आपण त्या वयात काय चुकलो होतो, ते सांगा. मूल हसेल. हसून झाल्यावर कदाचित आपलेही काही सांगू लागेल. तेव्हा मात्र मध्ये बोलू नका.