‘लोकानुनयवाद’ : संज्ञा आणि साधनें

बखर आणि अस्सल पत्र यांमधील तारतम्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत सांगितलें. तें मराठ्यांच्या इतिहासापुरतेंच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. हल्लीं देशोदेशींच्या राजकारणांत ज्या ‘पॉप्युलिझम’ची चर्चा चालू आहे, त्यावरील विद्वानांच्या लेखनासही तीच कसोटी लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. मराठींत यास ‘लोकानुनयवाद’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. अनुनय म्हणजे मनधरणी. तेव्हां पुरावा पाहण्यापूर्वींच निकाल नांवांत आला! मूळ शब्दाची कुळकथा निराळी आहे. अमेरिकेंत कर्ज व रेल्वेचे दर यांनीं गांजलेल्या शेतकऱ्यांनीं ‘पीपल्स पार्टी’ उभारिली; तिच्या अनुयायांस ‘पॉप्युलिस्ट’ हें नांव पडलें. ४ जुलै १८९२ रोजीं ओमाहा येथें या पक्षानें जाहीरनामा मंजूर केला. त्यांत चढत्या प्रमाणाचा प्राप्तिकर, रेल्वेची सरकारी मालकी, रुप्याचीं नाणीं अनिर्बंध पाडणें, अशा मागण्या होत्या. त्या वर्षीं पक्षाचे उमेदवार वीव्हर यांस दहा लाखांवर मतें पडलीं. १८९६ सालीं पक्षानें पाठिंबा दिलेले ब्रायन पराभूत झाल्यावर त्यास उतरती कळा लागली.

याच पक्षाविषयीं रिचर्ड हॉफस्टॅटर यांनीं १९५५ सालच्या ‘द एज ऑफ रिफॉर्म’ या ग्रंथांत असा अभिप्राय दिला कीं, त्याच्या विचारांत गतकालाची ओढ, सर्वत्र कट पाहण्याची खोड आणि यहुद्यांविषयीं आकस होता. ग्रंथ मार्मिक आहे. पण या आरोपाचा बराच भार हार्वी, डॉनेली यांच्यासारख्यांच्या कादंबऱ्या व चोपडीं यांवर आहे. तीं त्या चळवळीच्या बखरीच होत. वॉल्टर न्यूजंट यांनीं १९६३ सालीं कॅन्सस राज्यांतील तत्कालीन वर्तमानपत्रें व कागद तपासले, तेव्हां तेथें असा आकस फारसा आढळला नाहीं. लॉरेन्स गुडविन यांनीं १९७६ सालीं शेतकरी-संघांच्या सहकारी खटाटोपाचा माग काढून चळवळीचा गाभा तेथें दाखविला.

एवढ्यानें चळवळ निर्दोष ठरत नाहीं. व्हॅन वुडवर्ड यांच्या १९३८ सालच्या चरित्रावरून दिसतें कीं, जो टॉम वॉटसन १८९२ च्या सुमारास काळ्या व गोऱ्या शेतकऱ्यांच्या ऐक्याची भाषा करी, तोच पुढें वर्णद्वेषाचा कडवा प्रचारक झाला. कागदाची मिती न पाहतां माणसाचें मत सांगणें व्यर्थ होय, तें असें.

अलीकडील विद्वान् व्याख्येपासून निघतात. कास मुडे यांनीं २००४ सालीं ‘शुद्ध जनता’ विरुद्ध ‘भ्रष्ट वरिष्ठवर्ग’ ही मांडणी लक्षण म्हणून सांगितली. यान-वेर्नर म्युलर यांनीं २०१६ सालीं ‘खऱ्या जनतेचे प्रतिनिधी आम्हीच’ हा दावा मुख्य मानिला. विरोधकांस जनतेबाहेर काढणाऱ्या सत्ताधाऱ्यांस ओळखण्यास हें लक्षण उपयोगी आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु याच कसोटीनें १८९२ चा मूळ पक्ष पॉप्युलिस्ट ठरत नाहीं, असें म्युलर स्वतःच सांगतात! म्हणजे एका नांवाखालीं दोन भिन्न वस्तु नांदतात, आणि एकीवरचा निवाडा नकळत दुसरीवर जाऊन बसतो. कर्जबाजारी शेतकऱ्याचें गाऱ्हाणें केवळ नांवासरशीं निकालांत निघावें, हा अन्याय लहान नव्हे.

दुसरी उणीव साधनांची. किर्क हॉकिन्स यांनीं २००९ सालीं पुढाऱ्यांचीं भाषणें वाचून त्यांस गुण देण्याची पद्धति वापरली. तिच्यायोगें तुलना सुलभ होते. पण भाषणावरून वक्त्याचा आव कळतो, श्रोत्याचें दुखणें कळत नाहीं. तें गांवच्या वर्तमानपत्रांत, सावकाराच्या वहींत, सभेच्या पत्रकांत शोधावें लागतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, आजचीं निवडणुकीचीं पत्रकें, वर्गणीच्या पावत्या व भ्रमणध्वनीवरील निरोप यांस क्षुद्र लेखूं नये. तारीख व ठिकाण नोंदवून तीं जपावीं. नाहींतर शंभर वर्षांनीं आमच्या काळचा निवाडाही बखरींवरूनच होईल.