एकतीस प्रश्नांत न मावणारे

अपस्माराचा रुग्ण किती सुधारला हे कसे ठरवायचे? महिन्यात आकडी किती वेळा आली ते मोजावे, हे जुने उत्तर. अमेरिकेत १९९० च्या दशकात तयार झालेली 'क्यूओएलआयई-३१' ही प्रश्नावली यापुढे जाते. पुढच्या आकडीची धास्ती, मनःस्थिती, थकवा, स्मरणशक्ती, औषधांचा त्रास, लोकांत मिसळणे याबद्दल ती खुद्द रुग्णालाच विचारते आणि उत्तरांना ० ते १०० गुण देते.

हे महत्त्वाचे आहे. जीवनमानाचा संबंध आकड्यांच्या संख्येपेक्षा नैराश्याशी अधिक जवळचा असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय फेनोबार्बिटलसारख्या औषधाने मूल सुस्त किंवा चिडचिडे होऊ शकते. वर्गात त्याला 'ढ' ठरवण्यापूर्वी आपल्याला हे माहीत असायला हवे.

तरीही आमचे या प्रश्नावलीशी भांडण आहे. वाहन चालवता येण्याबद्दल तिच्यात प्रश्न आहे, लग्नाबद्दल नाही. मोटार हे जिथे रोजच्या जगण्याचे साधन, तिथे ते ठीकच. पण ज्या शेतमजूर बाईने आयुष्यात कधी चाक हाती धरले नाही, तिने तिथे काय लिहावे? आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी आकडी ही विवाहाला अडचण ठरवली होती. ते शब्द १९९९ मध्ये वगळले गेले. कायद्यातून गेले, बोलणीच्या बैठकीतून नाही. मग नवी सून गोळ्या लपवून घेते. कधी लपवणे जमत नाही, गोळी चुकते आणि नेमकी त्यामुळेच आकडी येते. औषधाच्या त्रासाची नोंद प्रश्नावलीत होते, औषध लपवण्याच्या त्रासाची होत नाही. हा दोष नुसत्या भाषांतराने कसा जाणार?

गंमत अशी, की ११ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या ४८ प्रश्नांच्या आवृत्तीत कलंकाचा वेगळा विभाग आहे, शाळेचाही आहे. प्रौढांच्या एकतीस प्रश्नांत कलंकाला स्वतंत्र जागा नाही. अठरावे लागले की लोकांच्या नजरा बदलतात, असे कर्त्यांना वाटले की काय, कोण जाणे! आम्हाला मात्र उलटेच दिसते. शाळेत फिट आल्यावर ज्याला चप्पल हुंगवली, त्याला गावात त्याच प्रसंगावरून ओळखले जाते, आणि स्थळ सांगून येते तेव्हा तो प्रसंग कुणीतरी हमखास सांगतोच.