झेन सुलेखन आणि वस्त्रावरील प्रतीक : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

काळ्या शाईच्या एका फटकाऱ्यात काढलेले, बहुधा टोके न जुळलेले वर्तुळ आज टी-शर्टांवर व पिशव्यांवर छापलेले आढळते. जपानी भाषेत त्यास ‘एन्सो’ म्हणतात. झेनचे प्रतीक म्हणून विकल्या जाणाऱ्या या छपाईत झेन परंपरेतील अक्षर आणि वस्त्र यांचा संबंध कितपत टिकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सुलेखनाचे स्वरूप :

झेन भिक्षूंच्या हस्ताक्षरास ‘बोकुसेकी’, म्हणजे शाईची खूण, असे म्हटले जाते. येथे अक्षराच्या सौष्ठवापेक्षा लिहिणाऱ्याच्या चित्तवृत्तीस महत्त्व आहे. कागद शाई तत्काळ शोषून घेतो. ओढलेली रेषा पुसता वा सुधारता येत नाही. एन्सोचा अर्थ केवळ वर्तुळाकारात नसून या अपरिवर्तनीय क्षणातही आहे.

वस्त्राचे स्वरूप :

झेन भिक्षूच्या ‘केसा’ या वस्त्राचे नाव संस्कृत ‘काषाय’ शब्दापासून आले आहे. मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहून बुद्धांनी आनंदाकडून तशा आकृतीचे चीवर सिद्ध करविले, अशी कथा विनयपिटकात आहे. म्हणजे येथे प्रतीक वस्त्रावर काढलेले नाही. ते तुकडे जोडण्याच्या शिवणीतच आहे. दोगेन (१२००–१२५३) यांनी ‘शोबोगेन्झो’ या ग्रंथात केसाच्या माहात्म्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ‘राकुसु’ हे याच वस्त्राचे छातीवर धारण करावयाचे लहान रूप. त्याच्या अस्तरावर गुरूने शिष्याचे दीक्षानाम किंवा एखादे वचन शाईने लिहून देण्याची प्रथा आहे. हे लेखन पाहणाऱ्यास दिसत नाही; ते धारण करणाऱ्याच्या छातीशी राहते.

चिकित्सा :

यावरून बाजारातील प्रत्येक एन्सो म्हणजे विटंबना, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल. हाकुइन (१६८६–१७६९) व सेंगाई (१७५०–१८३७) यांनी आपली चित्रे सामान्य जनांना मुक्तहस्ताने दिली. सेंगाई यांनी तर एका वर्तुळाशेजारी ‘हे खा आणि चहा घ्या’ अशा आशयाचा मजकूर लिहून एन्सोभोवतीचे गांभीर्यच हसण्यावारी नेले. शिवाय वस्त्राच्या दर्शनी भागावर चिन्ह मिरविणे जपानला परके नव्हते. काबुकी नट सातवे इचिकावा दान्जूरो (१७९१–१८५९) यांनी लोकप्रिय केलेल्या नक्षीत विळा, वर्तुळ आणि ‘नु’ हे अक्षर मिळून ‘कामावानु’, म्हणजे ‘पर्वा नाही’, असा शब्द वाचला जाई. तेथेही वर्तुळच होते. पण ती उघड शब्दक्रीडा होती, साधनेचा दावा नव्हता.

तेव्हा दोष प्रसारात नाही, विनोदात नाही आणि बाह्य अंगावर छापण्यातही नाही. राकुसुवरील अक्षर कोणी, कोणासाठी लिहिले हे निश्चित असते. सेंगाईंचे चित्रही कोणाच्या तरी हाती पडे. यंत्राने उमटविलेल्या एन्सोत हा संबंध लोपतो आणि पुन्हा न होणारी रेषा हजारदा तंतोतंत तशीच होते. आकार उरतो, ज्या कृतीची ती खूण होती ती कृती उरत नाही.

समारोप :

वस्त्रावरील झेन प्रतीकाचे मूल्यमापन करताना चिन्ह कोणते, एवढेच पाहणे अपुरे आहे. ते कोणाच्या हातून, कोणासाठी आणि वस्त्राच्या कोणत्या बाजूस उमटले, हेही पाहणे अगत्याचे आहे. या कसोटीवर अस्तरातील न दिसणारे अक्षर छातीवर झळकणाऱ्या वर्तुळापेक्षा झेनच्या अधिक जवळचे ठरते.