साथ आली, हसणारी कादंबरी यायचीय

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याआधीच टाक्यांभोवती कलम १४४ लागलं होतं. घागरी घेऊन पाच जणी जमल्या की कायदेभंग. कुणा परदेशी लेखकाने हे रचलं असतं तर आपण त्याच्या कल्पनाशक्तीवर परिसंवाद घेतले असते. लातुरात तो नुसता उन्हाळा होता.

मग कोरोना. टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडच्या हुजूर साहिबला अडकले. परतल्यावर त्यांतले अनेक बाधित निघाले आणि लागण नेमकी कोणत्या राज्यात झाली यावर वाद रंगला. एप्रिल २०२१मध्ये शेजारच्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेले गेले. साथ ओसरल्यावरही, २०२३च्या ऑक्टोबरच्या तोंडाशी, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तर पाहणीला आलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावलं.

एवढा ऐवज समोर पडलेला असताना मराठवाड्याची कादंबरी त्याकडे अजून जुन्याच डोळ्यांनी पाहते, ही माझी तक्रार आहे. दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, शेतकऱ्याची आत्महत्या; प्रत्येक आपत्तीपुढे आपलं ग्रामीण लेखन साक्षीदार होऊन उभं राहिलं. साक्षीदाराला हसायची मुभा नसते. त्या शिस्तीतून चांगली पुस्तकं आली खरी, पण करुणा सवयीची झाली की वाचक निबर होतो. काळा विनोद मराठीला परका नाही. श्याम मनोहर आहेत, विलास सारंग आहेत. पण मनोहरांची माणसं मध्यमवर्गीय घरांतली आणि सारंगांची ‘एन्कीच्या राज्यात’ थेट इराकातली. नांदेडच्या मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ (२०१९) गोदाकाठची माणसं जीव लावून पाहते. तिचा पिंड मात्र काव्याचा, टवाळीचा नव्हे. विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर संमेलनाध्यक्ष झाले आणि नेमकं तेच नाशिकचं संमेलन महामारीने लांबणीवर टाकलं. एवढा खोडसाळपणा आमच्या कादंबरीत असता तर!

नमुना शोधायला फार लांब जायला नको. उदगीर-देगलूर ओलांडलं की कन्नड मुलूख लागतो, आणि कन्नडात यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ १९६५पासून आहे. प्लेग शिरलेल्या अग्रहारात एक आचारभ्रष्ट ब्राह्मण मरतो. त्याला अग्नी कुणी द्यायचा यावर खल चालतो; तिकडे प्रेत सडतं, उपाशी मंडळींचा डोळा त्याच्या बाईच्या, चंद्रीच्या, दागिन्यांवर. इथलं हसू साथीतून येत नाही, साथीतही न सुटणाऱ्या हिशेबांतून येतं. आणि अग्रहाराचा धर्मपंडित प्राणेशाचार्य याच चंद्रीजवळ जातो तेव्हा प्रणय तोंडी लावण्यापुरता उरत नाही. कुणी कुणाला शिवायचं, हा नियमच कोसळतो. आमच्याकडे माणसामाणसांतलं अंतर विषाणूने थोडंच आणलं? म्हणून इथल्या महामारीच्या कादंबरीत प्रेम नसेल तर ती अर्धीच राहील.

मार्केसच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ (१९८५) या कादंबरीत म्हातारं जोडपं जहाजावर कॉलऱ्याचा पिवळा झेंडा चढवून एकांत मिळवतं. लातूरच्या ट्यूशन एरियात तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ हेच काम कोरोनाच्या कितीतरी आधीपासून करतोय. नीटच्या गुणांवर जगणारी पोरं, रिकामी झालेली वसतिगृहं, ई-पासवर अडलेली भेट. यातून सरकारी भाषेची जेवढी खिल्ली उडवता येईल तेवढी अश्रूंनी उडणार नाही. बोलीही तयार आहे. प्रसाद कुमठेकरांच्या कथांतली उदगिरी बोली वाचा. गंभीर चेहऱ्याने फिरकी घेणं तिला उपजत येतं.

अशी कादंबरी आलीच, तर मेलेल्यांची चेष्टा केली म्हणून ओरड होईल. ‘संस्कार’वरचा चित्रपटही सेन्सॉरने आधी अडवला होता. पुढे १९७०चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला.